सुजेच्या बाजूनें चार शब्द

आपल्या शरीरांत हाडें आहेत, ही गोष्ट मनुष्याला एरवीं आठवतच नाहीं. डोळे, दांत, पोट, केंस यांची चिंता तो जन्मभर वाहतो. पण ज्यांच्या आधारावर हा सारा डोलारा उभा आहे तीं हाडें बिचारीं, कचेरींतील जुन्या कारकुनांप्रमाणें, कांहीं बिघडेपर्यंत कोणाच्या लक्षांत येत नाहींत. आम्हांलाही वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत त्यांची ओळख नव्हती. ती गेल्या वर्षीं पितृपक्षांत झाली, आणि इतकी सविस्तर झाली कीं, तिचा वृत्तांत वाचकांपुढें मांडल्यावांचून राहवत नाहीं. आम्ही इंग्रजी साहित्याचे अध्यापक. शरीरशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु ज्याचें घर जळलें त्यानें अग्नीविषयीं चार शब्द बोलले तर ती अनधिकार चर्चा समजूं नये, एवढीच विनंती.

आमचें मूळ घर वाईस, कृष्णेच्या घाटापासून हांकेच्या अंतरावर. तेथें आतां आमचा धाकटा भाऊ राहतो. आम्ही नोकरीच्या निमित्तानें तीस वर्षें पुण्यास आहों. वडिलांच्या श्राद्धास वाईस जाण्याचा परिपाठ आम्हीं कधीं चुकविला नाहीं. मात्र गेलीं सहा वर्षें त्यांत परिपाठापलीकडे कांहीं उरलें नव्हतें. सकाळीं जावें, पानावर बसावें, "बरें आहे ना?" "बरें आहे," एवढी विचारपूस करावी आणि दुपारच्या गाडीनें परत यावें. कारण घराची वांटणी. वडील गेल्यावर जो कागद झाला त्यांत माडी आणि परसदार हीं भावाकडे गेलीं, व आमच्या वांट्यास रस्त्याकडील दोन खोल्या आल्या. आम्हांला तें अन्यायाचें वाटलें. परंतु आम्ही पडलों सुशिक्षित! भांडणें हा अडाण्यांचा उद्योग, अशी आमची दृढ समजूत. आम्हीं एक शब्द न बोलतां सही केली, आणि त्यानंतर तसाच एक शब्द न बोलतां तो राग सहा वर्षें नीट जपून ठेवला.

त्या दिवशीं कावळ्याचें पान ठेवावयास आम्ही परसदारच्या दगडी पायऱ्या उतरत होतों. रात्रभर पाऊस पडलेला; पायऱ्यांवर शेवाळ दाटलेलें. तिसऱ्या पायरीवर पाय सटकला, आणि उजव्या नडगींतून वाळकी काठी मोडावी तसा आवाज आला. कावळा जवळपासच टपून बसला असावा. हातांतून उडालेलें पान त्यानें तत्काळ शिवलें, असें मागाहून कळलें. पितर तृप्त झाले आणि आम्ही चिखलांत! भाऊ सोंवळ्यानेंच धांवत आला, आणि "दादा, हलूं नकोस, पायाला हात लावूं नकोस," असें म्हणून त्यानें आमचें डोकें मांडीवर घेतलें. सहा वर्षांत त्यानें आमच्याशीं बोललेलें तें पहिलेंच असें वाक्य होतें, ज्यांत औपचारिकपणा नव्हता.

साताऱ्यास क्ष-किरणांनीं पाहिलें तों नडगीचें मोठें हाड मधोमध तडकलेलें. परंतु तुकडे जागचे सरकले नव्हते. पुण्यास आणल्यावर अस्थितज्ज्ञांनीं शस्त्रक्रियेवांचून, नुसत्या प्लॅस्टरवर भागवावयाचें ठरविलें. हे डॉक्टर आमचे जुने विद्यार्थी. अकरावीच्या वर्गांत ते शेवटच्या बांकावर बसून आमच्या तासाला काय करीत असत हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. त्यामुळें त्यांच्या हातीं पाय सोंपवितांना आम्हांस थोडी धाकधूक वाटली, हें कबूल केलें पाहिजे.

पहिले आठ दिवस नुसती पट्टी बांधून पाय उशांवर ठेवला होता. पायाचा भोपळा झालेला. सेल्सस नांवाच्या रोमन ग्रंथकारानें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं दाहाचीं चार लक्षणें सांगून ठेविलीं आहेत : लाली, सूज, ऊष्मा व वेदना. चारही आमच्या नडगीवर एकाच वेळीं मुक्कामाला होतीं. आम्हीं डॉक्टरांस विचारलें कीं, हाड मोडलें तें मोडलें, पण वर ही सूज कशाला? सुजेवर जें सर्वांत जालीम औषध असेल तें द्या आणि हा उपद्रव एकदांचा मिटवा. त्यावर ते हंसून म्हणाले, "सर, दुखूं नये एवढें औषध देतों. सूज हाताबाहेर जाऊं द्यायची नाहीं, हेंही खरें. पण ती सगळीच्या सगळी मारायची नाहीं. हाड जोडायला जे कामगार लागतात, त्यांना बोलावणें तिनेंच धाडलें आहे."

हें उत्तर आम्हांस चमत्कारिक वाटलें. सूज म्हणजे दुखण्याचा बोलभांडपणा, एवढेंच आजवर ठाऊक होतें. आमच्या चेहऱ्यावरील अविश्वास पाहून डॉक्टरांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. सूज व वेदना शमविणारीं जीं नित्याचीं औषधें आहेत तीं शरीरांतील ज्या विकराला आवर घालतात, तो विकर निकामी केलेल्या उंदरांचीं मोडलेलीं हाडें नीट जुळून येत नाहींत, असें 2002 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. माणसांच्या बाबतींत तज्ज्ञांचें एकमत नाहीं. चार दिवस तीं औषधें घेतल्यानें बहुतेकांचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर भोंवतालच्या स्नायूंत नको तेथें हाड वाढूं लागण्याची भीति असते, तेव्हां तें वाढूं नये म्हणून अस्थितज्ज्ञ मुद्दाम याच जातीचें औषध देतात. म्हणजे जें औषध नको असलेलें हाड थोपवितें, तें हवें असलेलें हाडही अडवील, अशी शंका घेण्यास जागा आहे. शेवटच्या बांकावरचा विद्यार्थी इतकें सुसंगत बोलतो हें पाहून आमची धाकधूक मावळली आणि कुतूहल जागें झालें. पुढें तीन-चार महिने आम्हांस दुसरा उद्योग नव्हता. अंथरुणाशेजारी पुस्तकांचा व निबंधांचा ढीग जमला, आणि पन्नाशी उलटल्यावर आम्ही पुन्हां विद्यार्थी झालों.

प्रथम आम्ही सुश्रुताकडे वळलों. त्यानें भग्नाचे दोन वर्ग केले आहेत : सांधा निखळण्याचे सहा प्रकार आणि कांड मोडण्याचे बारा. बांबूच्या वा सालींच्या कामट्या बांधाव्या, पट्टी थंड ऋतूंत सात दिवसांनीं, समशीतोष्ण काळांत पांच दिवसांनीं व उन्हाळ्यांत तीन दिवसांनीं बदलावी, रोग्यास फळीवर निजवावें, असा त्याचा बारकावा आहे. बाळपणीं जें हाड एका महिन्यांत स्थिर होतें त्याला मध्यम वयांत दोन व उतारवयांत तीन महिने लागतात, हेंही तो सांगतो. त्याच्या मतें मध्यम वय सोळापासून सत्तरपर्यंत! हें वाचून आम्हांस जो आनंद झाला तो आमच्या सौभाग्यवतींस बोलून दाखविल्यावांचून राहवेना. त्या म्हणाल्या, "मग दोन महिन्यांत उठा म्हणजे झालें."

पुढें जॉन हंटर भेटला. अठराव्या शतकाचें वाङ्मय शिकवितांना या स्कॉटिश शस्त्रवैद्याचें नांव अनेकदां कानांवरून गेलें होतें. त्याच्या मृत्यूनंतर 1794 सालीं निघालेल्या ग्रंथांत त्यानें असें मत मांडलें कीं, दाह हा स्वतः रोग नव्हे. तो इजा झाली असतां शरीरानें आरंभिलेला एक हितकारक व्यापार आहे. परंतु हा व्यापार करतें कोण, हें त्याला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. तें कळावयास आणखी सुमारें नव्वद वर्षें जावीं लागलीं, आणि कळलें तें एका प्राध्यापकाच्या रिकामपणामुळें. या व्यवसायबंधूची हकीकत आम्हांस साहजिकच फार आवडली.

एली मेच्निकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ. ओदेसाच्या विद्यापीठांतील जागेचा राजीनामा देऊन 1882 सालीं तो सिसिलींतील मेसिना येथें समुद्रकांठीं राहात होता. एके दिवशीं घरचीं मंडळी सर्कशींतील वानरें पाहावयास गेलीं आणि हा सूक्ष्मदर्शकापाशीं एकटाच राहिला. तारामाशाचें पिलूं कांचेसारखें पारदर्शक असतें. त्याच्या अंगांत हिंडणाऱ्या पेशी पाहतां पाहतां त्याच्या मनांत आलें कीं, या पेशी बाहेरून शिरलेल्या शत्रूशीं झुंजत असतील काय? त्यानें बागेंतील गुलाबाचे कांटे आणून पिलांच्या कातड्याखालीं टोंचले. रात्रभर त्याला झोंप आली नाहीं. पहांटे पाहतो तों कांट्याभोंवतीं हिंडत्या पेशींचा गराडा पडलेला! याच त्या भक्षक पेशी. 1883 सालीं त्यानें आपला सिद्धांत प्रसिद्ध केला, आणि 1908 सालीं पॉल एर्लिख याच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हांपासून या पेशी शरीराच्या पोलिसखात्यांतील म्हणून ओळखल्या जाऊं लागल्या. जंतु आला कीं पकडावा आणि खाऊन टाकावा, एवढें त्यांचें काम, असा समज पुढें पुष्कळ वर्षें चालत आला. याच पोलिसांवांचून गवंडीकामही होत नाहीं, हा शोध मात्र अगदीं आपल्या काळचा आहे.

हाड मोडतें तेव्हां काय होतें तें आतां सांगतों. हाडाबरोबर त्यांतील व भोंवतालच्या रक्तवाहिन्याही तुटतात, आणि दोन्ही टोंकांमध्यें रक्त साखळतें. ही गुठळी म्हणजे केवळ घाण, ती काढून टाकावी, असें कोणासही वाटेल. परंतु उंदरांमध्यें ती काढून टाकली असतां हाड कमकुवत जुळतें, असें आढळलें. आणि 1990 सालीं जपानी संशोधकांनीं तर अशी गुठळी उचलून दुसऱ्या जागीं ठेविली असतां तेथेंही हाड तयार होतें, असें दाखविलें. या गुठळींत कांहीं तासांतच न्यूट्रोफिल नांवाच्या श्वेतपेशींची टोळी येऊन दाखल होते. ही जात अल्पायुषी. ती मोडतोड आवरूं लागते, आरोळी ठोकून इतरांस बोलावते आणि मरून जाते. तिच्या हांकेनें रक्तांतून मोठ्या भक्षक पेशी येतात. कांहीं हाडाच्या आवरणांत आधींपासूनच वस्तीला असतात. त्या मेलेल्या पेशी, हाडाचा चुरा, फुटलेलें रक्त खाऊन जागा साफ करतात. याच काळांत सूज, ऊष्मा व ठणका यांना ऊत येतो.

पण साफसफाई हें त्यांचें अर्धेंच काम. खातां खातां त्या आपल्या अंगांतून कांहीं रासायनिक निरोप सोडीत असतात. त्यांतील एक टी-एन-एफ या आद्याक्षरांनीं ओळखला जातो. संधिवाताच्या एका भयंकर प्रकारांत हा निरोप वर्षानुवर्षें थांबत नाहीं आणि त्यापायीं सांधे झिजून जातात. तो अडविणारीं औषधें 1998 पासून संधिवातावर वापरांत आहेत. यावरून हा द्रव निव्वळ दुष्ट होय असें कोणीही म्हणेल. परंतु ज्या उंदरांना हा निरोप ऐकूंच येत नाहीं अशांचीं हाडें मोडून पाहिलीं, तेव्हां तीं उशिरा सांधतात असें 2003 सालीं दिसून आलें. तोच निरोप थोडा आणि थोडे दिवस असला तर हाड जोडणाऱ्या मूळ पेशींना जागेवर आणतो. पुष्कळ आणि पुष्कळ दिवस राहिला तर हाड खातो. 2014 सालीं ऑस्ट्रेलियांत याहून स्पष्ट प्रयोग झाला. हाड मोडतेवेळींच उंदरांतील भक्षक पेशी नाहींशा केल्या, तर जोडाची गांठ मुळीं बनलीच नाहीं. गांठ बनूं लागल्यावर त्या काढल्या, तर ती लहानच राहिली. पाथरवटच नव्हे तर मुकादमही तोच, असा हा प्रकार आहे!

यापुढील भाग आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारा वाटला. सुमारें आठवड्यानें या भक्षक पेशींचा स्वभाव पालटतो. ज्या काल आग ओकत होत्या त्याच आतां शमविणारे निरोप धाडूं लागतात. नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून देतात, कूर्चा रचणाऱ्यांस आणि पुढें अस्थिजनक पेशींस उत्तेजन देतात. दोन-तीन आठवड्यांत टोंकांमध्यें कूर्चेचा मऊ पूल तयार होतो. मग त्यांत चुना भरत जाऊन महिन्यांमागून महिने तो कठीण होतो. शेवटीं उरलेली ओबडधोबड गांठ तासून हाडाला पूर्वीचा घाट देण्याचें काम ज्या पेशी करतात, त्याही रक्तांतील त्याच भक्षक कुळांतल्या. कित्येक पेशी एकत्र मिळून एक मोठी हाड खाणारी पेशी बनते. कातडीची जखम भरली तरी वण राहतो. हाड मात्र नीट सांधलें तर वण ठेवीत नाहीं; जुन्या जागीं खरें हाडच बनतें.

हें सारें इतक्या उशिरां कळलें याचें कारणही मनोरंजक आहे. हाडांचे अभ्यासक व रोगप्रतिकाराचे अभ्यासक एकमेकांच्या ओसरीवर फारसे जात नसत. 1997 सालीं प्रतिकारशास्त्रज्ञांना टी-पेशींच्या अभ्यासांत एक द्रव्य सांपडलें. 1998 सालीं अस्थिशास्त्रज्ञांना हाड खाणाऱ्या पेशी घडविणारें द्रव्य सांपडलें. आणि मिळवून पाहतात तों दोन्ही एकच! दोन भावांनीं वडिलांचें एकच पत्र आपापल्या पेटींत जपून ठेवावें, तसें हें झालें. 2000 सालीं या जोडविषयाला अस्थि व प्रतिकार अशा दोन शब्दांचें जोडनांवही मिळालें. टोकियोच्या संशोधकांनीं 2016 सालीं दाखविलें कीं, टी-पेशींची एक विशिष्ट जात मोडल्या जागीं येऊन एक निरोप सोडते आणि त्यानें हाड लवकर बनतें. म्हणजे भक्षकच नव्हेत, तर लसिकापेशीही या कामावर हजर असतात.

असा आमचा अभ्यास मोठ्या आनंदांत चालला असतां बारावा आठवडा उजाडला आणि पुन्हां क्ष-किरणांचें चित्र काढलें. डॉक्टर तें प्रकाशापुढें धरून बराच वेळ गप्प राहिले. भेगेभोंवतीं जी धुरकट सांवली दिसावयास हवी होती ती नांवापुरतीच होती. त्यांनीं रक्त तपासविलें. साखर बरीच वाढलेली निघाली, आणि ती आम्हांस ठाऊकच नव्हती. मधुमेहांत हाड सांधण्यास विलंब लागतो, हें त्यांनीं सांगितलें. "आणखी दोन महिने वाट पाहूं, सर. नाहीं जमलें तर आंत सळई घालावी लागेल, आणि कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तेथें भरावा लागेल." शंभरांतील कांहीं थोडीं हाडें अशीं असतात कीं जीं कधींच सांधत नाहींत, टोंकें गुळगुळीत होतात आणि मध्यें खोटा सांधा बनतो. त्याला वेदनाही फारशी नसते. फक्त त्या पायावर भार टाकतां येत नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. उभें राहून शिकविणें हेंच आमचें आयुष्य. फळ्यापुढें कुबडी घेऊन उभे असलेले आम्ही डोळ्यांपुढें दिसूं लागलों. दुसरे दिवशीं ढिगांतून बर्लिन येथील 2013 सालचा एक निबंध हातीं आला. ज्या रोग्यांचें हाड सांधण्यास विलंब लागला, त्यांच्या रक्तांत टी-पेशींची एक विशिष्ट जात अधिक आढळली. या पेशी म्हणजे जुने शिपाई. आयुष्यभर ज्या ज्या रोगांशीं झुंज झाली त्यांची आठवण धरून बसलेले. त्यांचें आधिक्य हाड मोडल्यामुळें आलेलें नसतें. ती त्या मनुष्याच्या आजवरच्या लढायांची शिल्लक असते. या पेशी मोडलेल्या जागीं जमतात आणि जुन्याच शत्रूवर सोडावयाचे विखार तेथें सोडतात. त्यापायीं हाड घडविणाऱ्या पेशी वाढत नाहींत. उंदरांतून या वर्गाच्या पेशी काढून टाकल्या तेव्हां हाड चांगलें सांधलें. उलट त्या बाहेरून घातल्या तेव्हां काम बिघडलें.

सॅन फ्रान्सिस्कोच्या एका गटानें 2010 सालीं म्हाताऱ्या उंदरांना तरुण उंदरांची मज्जा दिली, तेव्हां त्यांचीं हाडें झपाट्यानें जुळूं लागलीं, हेंही वाचलें. परंतु आम्हांस मज्जा कोण देणार? आमच्या रक्तांत त्या जुन्या शिपायांची संख्या किती आहे हें कोणीं मोजलें नव्हतें. पण जुन्या लढाईची आठवण आम्हीं कोठें जपून ठेविली आहे, हें आम्हांस मोजल्यावांचूनच कळत होतें.

त्यानंतर आठच दिवसांनीं भाऊ पुण्यास आला. त्याच्या पिशवींत कांडवेलीच्या चौधारी कांड्यांची जुडी होती. हीच वेल हाडसांधी म्हणून ओळखली जाते. आमच्या लहानपणीं गांवांत कोणाचें हाड मोडलें कीं तिची चटणी घरोघर होत असे. "परसांतलीच आहे, दादा. वहिनींना करायला सांग," तो म्हणाला. आणि सहा वर्षें दांतांआड धरलेलें वाक्य आमच्या तोंडून निसटलें. आम्ही म्हणालों, "परसांतली? म्हणजे तुझ्या."

तो क्षणभर पाहात राहिला, मग भडकला. "सहा वर्षें हें मनांत धरून बसला होतास? मग बोलला कां नाहींस? सही करतांना तोंडाला काय झालें होतें?" आम्हीं सुनावलें कीं, कागद करण्याआधीं वडील भावाला एका शब्दानें विचारावें ही रीत त्यानें कोठें पाळली? तो म्हणाला, "बाबा तीन वर्षें अंथरुणावर होते. मी त्यांना उचलून बसवत होतों. तू पैसे पाठवलेस, महिन्याच्या महिन्याला पाठवलेस. पण एक रात्र तरी तेथें जागलास का? माडी त्यांनीं आपल्या तोंडानें मला दिली." आम्हीं म्हटलें, दिली असेल, पण त्याच माडीच्या खिडकींत बसून आम्हीं मॅट्रिकचा अभ्यास केला, ती खिडकी आम्हांला हवी होती, आणि हें ज्याला कळत नाहीं तो भाऊ कसला! आवाज चढले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलें. सौभाग्यवतींनीं उठून रस्त्याकडील दार लावून घेतलें. जें जें आम्हीं सुसंस्कृतपणानें गिळलें होतें तें तें सारें दोन तासांत बाहेर पडलें; त्यांत पुष्कळ अन्यायाचें होतें, कांहीं तर निव्वळ खोटें होतें. मग आपोआप शांतता पसरली. भाऊ म्हणाला, "खिडकी म्हणालास, ती मला ठाऊक नव्हती. मला वाटलें, तुला पुण्याचा फ्लॅट झाला, वाई नकोशी झाली." मग चहा झाला. कांडवेलीची चटणीही झाली. तिनें जिभेला खाज सुटते, हें आम्हीं विसरलों होतों.

वाचकांस येथें गोड शेवटाची अपेक्षा असेल, म्हणून सत्य सांगून टाकतों. कागद बदललेला नाहीं. माडी त्याचीच आहे, आणि तीन वर्षें जागलेल्या रात्रींचा हिशेब ऐकल्यावर ती त्याची असावी असें आम्हांसही वाटतें. खिडकीची खोली मात्र दिवाळींत व मे महिन्यांत आमची असते. पायाचें म्हणाल तर, सोळाव्या आठवड्यांतील चित्रांत भेगेभोंवतीं ती धुरकट सांवली दिसली. विसाव्या आठवड्यांत ती घट्ट झाली आणि सळईचें संकट टळलें. याचें श्रेय भांडणाला देण्याइतके आम्ही भोळे नाहीं. डॉक्टरांनीं तें साखर आटोक्यांत आल्याला आणि प्लॅस्टर आंखूड करून पायावर थोडा थोडा भार टाकूं दिल्याला दिलें आहे, आणि तेंच खरें असावें. पेशींना आमच्या वांटणीचें काय?

परंतु एका गोष्टींत आमचें मत पार बदललें. शांतता म्हणजे सुजेचा अभाव, असें समजून आम्हीं जन्म काढला. वर्गांत, घरांत, सहकाऱ्यांत, कोठेंही ऊष्मा दिसला कीं तो दाबण्यांत भूषण मानलें. आतां वाटतें, मोडलेल्या जागीं वेळेवर थोडी सूज आली पाहिजे. आणि ती ज्यांनीं आणली त्यांनींच पुढें ती उतरवावयासही शिकलें पाहिजे. मुळींच न आलेली सूज आणि कधींच न उतरलेली सूज या दोन्हींनीं जोड होत नाहीं. पहिला दोष आमचा होता. दुसऱ्याच्या वाटेवर आम्ही होतों.

यंदाच्या श्राद्धास आम्ही काठी टेंकीत वाईस गेलों. नडगीवर हात फिरविला तर गांठ अजून लागते. ती तासणारी मंडळी वर्ष-दोन वर्षें सावकाश काम करीत राहतील, असें डॉक्टर म्हणतात. परसदारच्या पायऱ्या भावानें घांसून स्वच्छ केल्या होत्या आणि कडेला लोखंडी कठडा बसविला होता. त्याच्या खर्चाचा अर्धा वांटा आम्हीं देऊं केला, तो घेईना. त्यावरून आम्हां दोघांचें पंक्तींतच जोराचें भांडण झालें, आणि भटजींना दोनदां मध्यें पडावें लागलें.